बुकिंग खेळ (कुस्ती) : स्वरूप व डावपेच

बुकिंग खेळ : मनोरंजन-कुस्तीची कंपनी चालवण्याचा संगणकावरचा खेळ. यात खेळणारा स्वतः रिंगमध्ये उतरत नाही. कोण कोणाशी लढणार, कोण जिंकणार, लढत किती मिनिटे चालणार आणि हरलेल्याचे पुढे काय करायचे, हे तो ठरवतो. प्रत्यक्ष धंद्यात हे काम करणाऱ्याला बुकर म्हणतात, त्यावरून हे नाव. ठरवून केलेल्या लढतीला मराठीत ‘नुरा कुस्ती’ हा शब्द आहे, पण त्यात प्रेक्षकाला फसवल्याचा ठपका आहे. इथे फसवणूक उरलेली नाही. आपल्या लढती म्हणजे खेळाची स्पर्धा नसून करमणूक आहे, हे डब्ल्यूडब्ल्यूएफ या कंपनीने १९८९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे स्वतःच मान्य केले. सरकारी क्रीडा नियंत्रणातून सुटका व्हावी हा हेतू. त्यानंतरही लोक तिकीट काढून येत राहिले.

सिंधुदुर्गातल्या वाचकाला याचे नवल वाटू नये. धयकाल्यात, म्हणजे दशावतारी नाटकात, संकासुर मरणार हे आईच्या मांडीवर पेंगणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. मजा त्याच्या मरण्यात नसते, मरेपर्यंत तो मालवणीत काय काय बोलून घेतो त्यात असते. दशावतारी कंपनीला लिहिलेली संहिता नसते. प्रयोगाआधी रंगपटात आख्यान सांगितले जाते, पार्ट वाटले जातात, शेवट ठरतो. मधले संवाद ज्याने त्याने उभ्या उभ्या रचायचे. कुस्तीची लढतही अशीच बांधतात. शेवट आणि मधल्या दोनचार जागा पक्क्या, बाकी रिंगमधल्या दोघांच्या समजुतीवर. बुकिंग खेळ खेळणारा म्हणजे कंपनीचा मालक: राजपार्ट कोणाला, राक्षसपार्ट कोणाला, आणि आज कोणाला ‘नाईट’ (रात्रीच्या प्रयोगाचे काम) द्यायची, याची चिंता वाहणारा.

प्रमुख खेळ

या प्रकारातले सर्वांत खोल खेळ ब्रिटिश रचनाकार अॅडम रायलंड यांचे. १९९० च्या दशकात त्यांनी ‘एक्स्ट्रीम वॉरफेअर’ ही मोफत मालिका सुरू केली. २००४ पासून ‘टोटल एक्स्ट्रीम रेसलिंग’ (पुढे ‘टीईडब्ल्यू’) ही विकाऊ मालिका आली. तिची २००५ ची आवृत्ती नंतर मोफत देण्यात आली. पडद्यावर हाणामारी दिसत नाही. दिसतात ती कोष्टके, याद्या आणि लढतीचे शब्दांतले वर्णन. चित्रांचा भार नसल्याने जुन्या लॅपटॉपवरही ती चालते. दुसरा प्रवाह चकचकीत खेळांचा. ‘स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ’ मालिकेच्या २००६ ते २००८ च्या आवृत्त्यांत जनरल मॅनेजर बनून खेळण्याची सोय होती. ती पुढे गेली आणि २०२२ च्या ‘डब्ल्यूडब्ल्यूई टूके२२’ मध्ये ‘मायजीएम’ नावाने परतली. मायजीएम दोनचार संध्याकाळी रमवतो. डावपेचांचा कस टीईडब्ल्यूत लागतो, म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः त्याला धरून आहे.

ट्रम्प कार्डांची सवय

१९९० च्या दशकात केबल आली आणि तिच्या मागोमाग जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानांत कुस्तीची ट्रम्प कार्डे आली. उंची, वजन, छाती, दंड, लढती, विजय: ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचे पान घ्यायचे. आमच्या पिढीला कुस्ती अशी कळली, आणि बुकिंग खेळात पहिला घात ही सवयच करते. नवा खेळाडू परवडतील तितके मोठ्या आकड्यांचे मल्ल गोळा करतो, सर्वांत मोठ्याला किताब देतो आणि त्याला जिंकवत राहतो. सहा महिन्यांनी त्याच्यापुढे उभा करायला कोणी उरत नाही. तिजोरीही उरत नाही.

टीईडब्ल्यूत मल्लाची लोकप्रियता शंभरपैकी मोजली जाते आणि ती प्रदेशागणिक वेगळी असते. लढतीचा गुण दोघांची लोकप्रियता आणि कौशल्य यांतून निघतो. कशाला किती वजन द्यायचे हे कंपनीने निवडलेल्या शैलीवर ठरते: काही शैलींत नावाला भाव, काहींत कसबाला. शिवाय काही जोड्यांचे आपसात विलक्षण जमते, काहींचे अजिबात जमत नाही, आणि ते एकत्र लढवल्याशिवाय कळत नाही. म्हणून नव्या जोड्या आधी छोट्या प्रयोगात तपासून घ्याव्यात. मुख्य लढतीत तपासायला जाणे म्हणजे भर आख्यानात नवख्याला राजपार्ट देणे.

पराभवाचा हिशेब

बुकरचे भांडवल म्हणजे पराभव. विजय कोणालाही वाटता येतात, पण ज्याच्या हरण्याला किंमत आहे असा मल्ल घडवायला वर्षे लागतात, आणि ती किंमत एकदाच पुरती वसूल होते. १९८७ च्या तिसऱ्या रेसलमेनियात, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमात, आंद्रे द जायंटने हल्क होगनकडून हार घेतली. कित्येक वर्षे अजिंक्य म्हणून मिरवलेल्या राक्षसाचा तो पराभव होता, म्हणूनच होगन त्यातून आणखी मोठा झाला. उलट उदाहरण डब्ल्यूसीडब्ल्यू कंपनीचे. जुलै १९९८ मध्ये गोल्डबर्गने होगनला हरवून किताब घेतला तो साप्ताहिक कार्यक्रमात, दूरचित्रवाणीवर, फुकटात. पैसे मोजून पाहायच्या मोठ्या कार्यक्रमासाठी ही लढत महिनोन्‌महिने तापवता आली असती. त्या रात्रीचे प्रेक्षक मिळाले, पुढची कमाई गेली. घाईने मोठा पत्ता टाकण्याला धंद्यात ‘हॉटशॉट’ म्हणतात. जत्रेच्या फलकांवर ‘ट्रिकसीनयुक्त’ म्हणून जाहीर होणाऱ्या प्रयोगांची आठवण इथे होते. ट्रिकसीन चांगलाच, पण दर नाईटला तोच दाखवला की लोक चहाच्या टपरीकडे वळतात.

लहान पराभवांचाही उपयोग असतो. मे १९९३ मध्ये ‘रॉ’ या कार्यक्रमात रेझर रेमन या बड्या मल्लाला एका किरकोळ अंगाच्या, तोवर हरतच आलेल्या पोराने अचानक चीत केले. तो ‘वन-टू-थ्री किड’ एका रात्रीत नावारूपाला आला. रेमनचे नुकसान फारसे झाले नाही, कारण त्याच्याकडे शिल्लक भरपूर होती. खेळात हे नेमके साधता येते. पराभव सरळ द्यायचा, की प्रतिस्पर्ध्याच्या लबाडीने, बाहेरच्याच्या हस्तक्षेपाने, अपात्रतेने की वेळ संपून, हे निवडता येते. हरणाऱ्याची पत राखण्याची सूचनाही लढतीला जोडता येते. पण दर वेळी पत राखली, की जिंकणाऱ्यालाही काही मिळत नाही. वर्षाकाठी दोनतीनच पराभव सरळ, स्वच्छ आणि मुख्य लढतीत द्यावेत असे माझे मत आहे. ते कोणाचे, हे वर्षाच्या सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवावे. बाकीचे कार्ड, म्हणजे लढतींची यादी, त्या पानावरून मागे मागे भरत यावे.

हीलची, म्हणजे खलपार्टाची, निवड त्यामुळे नायकापेक्षा जास्त विचाराची. जिभेने चालणारा, मध्यम कसबाचा आणि हरायला कुरकुर न करणारा हील स्वस्तात मिळाला तर तोच आधी घ्यावा. नायक त्याच्यासमोर घडत जातात.

एका प्रयोगाची बांधणी

प्रयोगाच्या एकूण गुणावर मुख्य लढतीचा प्रभाव सर्वांत मोठा. पण प्रेक्षक तिथवर ताजा पोचला पाहिजे. लागोपाठ दोन जीव खाऊन लढलेल्या लढती ठेवल्या की तो दमतो, आणि खेळ तसे गुण कापतो. मुख्य लढतीच्या आधी एखादी हलकी लढत किंवा गमतीचा प्रसंग ठेवणे हा जुना उपाय. तेच दोघे दर प्रयोगात एकमेकांशी लढले तर पुनरावृत्तीचा फटका बसतो. म्हणून वैर वाढवायचे ते संवादांतून, साथीदारांच्या लढतींतून, पाठीमागून केलेल्या हल्ल्यांतून. प्रत्यक्ष गाठ लांबवत न्यायची. पुराणिकाने सांगावे तसे: भस्मासुर हात डोक्यावर ठेवणारच, पण पहाटे.

सगळ्यात महत्त्वाचा नियम मात्र साधा आहे. प्रयोगाचा गुण त्या भागातल्या कंपनीच्या लोकप्रियतेपेक्षा वर गेला तर कंपनी वाढते, खाली आला तर घसरते. लहान कंपनीला म्हणून बरी संधी असते. तिच्याकडून अपेक्षाच कमी असते.

कोकणपट्टीवर मांडलेले उदाहरण

टीईडब्ल्यूसोबत येणाऱ्या संपादकात (एडिटर या साधनात) स्वतःच्या कंपन्या आणि मल्ल तयार करता येतात. नकाशावरचे विभाग मोठमोठे असल्याने कोकण वेगळे सापडत नाही, पण शिस्त म्हणून खेळाडूने स्वतःवर भूगोल लादून घ्यावा. समजा, वेंगुर्ल्यात बिऱ्हाड असलेली एक कल्पित कंपनी आहे: बारा मल्ल, एक निवेदक, दोन पंच, आणि टेम्पोत मावेल एवढे रिंग.

पहिला प्रश्न कॅलेंडरचा. जून ते सप्टेंबर उघड्या मैदानावर प्रयोग नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, बंदरातल्या लोकांचा हात आखडलेला असतो. तेव्हा शाळेच्या सभागृहात छोटे प्रयोग करून नव्या जोड्या तपासाव्यात. गणपतीत चाकरमानी गावी येतो, पण तो भजन-आरतीत गुंतलेला. त्या दिवसांत एखादा प्रसंग पेरावा, किताब पणाला लावू नये. खरा हंगाम तुळशीच्या लग्नानंतरचा, दशावतारी कंपन्यांचाही तोच. सोनुर्लीच्या माउलीची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास, कुणकेश्वरची महाशिवरात्रीला. या तारखा आधी कळतात, म्हणून वैराची सुरुवात आणि शेवट त्यांना बांधता येतो. आंगणेवाडीची जत्रा तिथीने नाही, देवीच्या कौलाने ठरते. तिच्याभोवती आराखडा करणाऱ्याने एक महिना मोकळा ठेवावा. मग शिमगा, आणि मे महिन्यात आंब्याच्या पैशावर वर्षातला सर्वांत मोठा प्रयोग. खेळात हे सारे आपोआप होत नाही. मोठ्या कार्यक्रमांचे महिने खेळाडूने आपल्या हाताने नेमायचे असतात, आणि नेमके याच कारणाने त्याची वर्षभराची गोष्ट आपोआप आकार घेते.

दुसरा प्रश्न विस्ताराचा. कुडाळ-सावंतवाडीत नाव झाले की रत्नागिरी, दापोली, अलिबाग गाठायचा मोह होतो. थांबावे. अनोळखी भागात तुमच्या किताबधारकालाही कोणी ओळखत नाही. तिथे आधीच नाव असलेला एक जुना मल्ल दोन नाईटींपुरता घ्यावा, आणि दुसऱ्या नाईटीला त्याने आपल्या माणसाकडून हरावे. निरनिराळ्या मंडळांतले निवडक कलाकार एकत्र आणून ‘संयुक्त दशावतार’ होतो, तसे दुसऱ्या कंपनीशी जोडून केलेले प्रयोगही खेळात होतात. मात्र कोणाचा माणूस हरणार यावरून वाद व्हायचाच.

अशी कंपनी महाराष्ट्रात अगदीच कल्पनेतली नाही. टीएनए या अमेरिकी कंपनीने उभा केलेला ‘रिंग का किंग’ हा कार्यक्रम पुण्यात चित्रित झाला आणि २०१२ मध्ये कलर्स वाहिनीवर दाखवला गेला. तो एका पर्वापलीकडे टिकला नाही. त्याआधी मुंबईत दारा सिंग यांच्या फ्रीस्टाइल लढती गाजत. १९६८ मध्ये त्यांनी तिथे अमेरिकी मल्ल लू थेझला हरवले.

करार आणि रंगपट

लहान कंपन्या मल्लाला नाईटीप्रमाणे पैसे देतात, मोठ्या कंपन्या त्याला बांधून घेतात. नाईटीवरचा चांगला मल्ल कधीही मोठ्या कंपनीकडे जातो. म्हणून किताबधारक निवडताना ‘हा उद्या गेला तर?’ हे विचारून घ्यावे, आणि जाण्याची कुणकुण लागताच किताब काढून घ्यावा. आपल्या पात्राबाबतचा अंतिम अधिकार मागणाऱ्या ताऱ्याशी तर फार जपून. डब्ल्यूडब्ल्यूएफचा किताबधारक ब्रेट हार्ट याच्या करारात असा हक्क होता. तो कंपनी सोडून चालला असता नोव्हेंबर १९९७ मध्ये माँट्रियलमध्ये त्याला न सांगता निकाल फिरवण्यात आला. त्याची कटुता बारा-तेरा वर्षे पुरली. खेळातही नाखूश मोठा मल्ल रंगपटातल्या इतरांचे मन बिघडवतो. एक समंजस ज्येष्ठ, ज्याचे सगळे ऐकतात, पगारावर ठेवणे परवडते. तो लढला नाही तरी चालेल.

पैशाबाबत लिहिण्यासारखे थोडेच आहे: पहिली दोन वर्षे नवे कोणी घेण्याआधी एकाला निरोप द्यावा.

सेव्हचा वाद

लढतीच्या गुणात नशिबाचा अंश असतो. प्रयोग पडला की जुनी सेव्ह (आधी साठवलेला खेळ) उघडून तो पुन्हा करणारे खेळाडू आहेत, आणि त्याला लबाडी मानणारेही. दुखापत झालेला किताबधारक परत मिळवण्यासाठी तर हा मोह फारच होतो, पण नेमक्या त्या दुखापतीतूनच बदली नायक पुढे येतो, हे ज्याने एकदा अनुभवले तो सहसा मागे जात नाही. प्रयोग सुरू करण्याआधी सेव्ह करावे हे मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावर वारा सुटला की लाईट जाते, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी मुख्य लढतीपर्यंत पोचेलच असे नाही.