आखाजीचे पत्ते आणि वेगासचे फासे

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन गोष्टी ठरलेल्या. लेकीबाळींसाठी निंबाला बांधलेले झोके आणि पुरुषांसाठी पत्त्यांचे डाव. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या शेतगड्याचं, जुनं साल त्या दिवशी संपतं, नवं ठरतं, हातात चार पैसे असतात आणि शेतात फारसं काम नसतं. एरवी पत्त्याला हात न लावणारा माणूसही त्या दोन-तीन दिवसांत रमीला बसतो. झन्नामन्ना या पत्त्यांच्या जुगारावाले वेगळे. त्यांची बैठक गावाबाहेर आणि एक डोळा रस्त्यावर, कारण १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आखाजीला सुट्टी घेत नाही.

आमचे नाना रमीतले उस्ताद. कोणी कोणतं पान टाकलं, कोणी काय उचललं, सगळं त्यांच्या डोक्यात. बदामच्या दोन्ही राण्या पडून गेल्या असतील तर तिसरीची वाट पाहणाऱ्याकडे ते कीव आल्यासारखं बघतात. गेलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, हातातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवावं लागतं, म्हणून रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयानेही १९६७ साली म्हटलं होतं. नानांना हा निकाल माहीत नाही, पण तो त्यांना मान्य असावा.

गेल्या साली नाना मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेले आणि मुलगा त्यांना लास वेगास दाखवायला घेऊन गेला. तिथे ते रमले क्रॅप्स या फाशांच्या जुगाराच्या टेबलापाशी. न्हाणीतल्या टबासारखं उंच कडांचं लांबट टेबल, भोवती वीसेक माणसं, आणि फासे पडले की आपल्या पारावर होतो तसा गलका. नानांनी कागदी रुमाल घेतला आणि पडलेली दानं (दोन फाशांची बेरीज) लिहायला सुरुवात केली. चौदा फेकी झाल्या, सात एकदाही नाही. "आते सात येईच, भो!" असं म्हणून त्यांनी सातावर वीस डॉलर लावले. मग आणखी वीस. मग आणखी वीस. साठ डॉलर गेले.

नानांची चूक बुद्धीची नव्हती. त्यांनी पत्त्यांची सवय फाशांकडे नेली. गड्डीला आठवण असते: गेलेलं पान पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही, म्हणून जे गेलं नाही त्याची शक्यता खरोखरच वाढते. बाजारालाही आठवण असते. यंदा कांद्याला भाव मिळाला की पुढच्या साली सगळे कांदाच लावतात आणि भाव कोसळतो. शेतकऱ्याचं डोकं अशा आठवण असलेल्या जगात घडलेलं. फाशाचं तसं नाही. दोन फाशांची एकूण ३६ दानं, त्यांतली सहा सातची (१-६, २-५, ३-४ आणि त्यांच्या उलट), म्हणजे दर फेकीला सहात एक. चौदा फेकी सात न येणं साधारण तेरात एकदा घडतं. फार नवलाचं नाही, आणि ते घडल्यावर पंधराव्या फेकीलाही सहात एकच. १९१३ साली मोंटे कार्लोत रुलेटच्या काळ्या-तांबड्या घरांच्या चक्रावर गोळा सलग २६ वेळा काळ्यावर थांबला. आता तांबडा येणारच म्हणून लोक रकमा वाढवत गेले आणि धुऊन निघाले.

गंमत अशी की आपल्याकडचा जुना जुगारही मोजणीचा होता. वेदकाळातले अक्ष, म्हणजे फासे, ही बेहड्याची फळं, तीच जी आजही सातपुड्याच्या जंगलात पडतात आणि त्रिफळा चूर्णात जातात. मुठीतल्या फळांना चाराने भाग जातो की नाही, यावर डाव ठरे. नलाच्या कथेत राजा ऋतुपर्ण रथातूनच बेहड्याच्या दोन फांद्यांवर २,०९५ फळं आहेत असं सांगतो, नल खाली उतरून मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. त्याच राजाकडून नल अक्षविद्या शिकतो. अशा खेळात झरझर मोजणाऱ्याला फायदा असणारच. सहा बाजूंच्या घनाकृती फाशाने तो फायदा काढून घेतला.

आता क्रॅप्सचा मुख्य डाव, पास लाइन. पहिल्या फेकीला ७ किंवा ११ आलं तर तुम्ही जिंकलात, २, ३ किंवा १२ आलं तर हरलात. बाकी काही आलं (४, ५, ६, ८, ९, १०) तर तो झाला पॉइंट. मग फेकत राहायचं: सातच्या आधी पॉइंट परत आला तर जीत, सात आधी आला तर हार. सगळा हिशेब मांडला की दर ४९५ डावांत सरासरी २४४ जिती आणि २५१ हारी निघतात. फरक फक्त सात डावांचा, म्हणजे १.४१ टक्के. दहा डॉलरच्या डावामागे कॅसिनोची कमाई चौदा सेंट. नानांनी लावलं तसं थेट सातावर लावलं तर एकाला चार मिळतात (लावलेला एक परत मिळतो तो वेगळा). खरं तर पाच मिळायला हवेत, म्हणून तिथे कॅसिनोचा वाटा १६.६७ टक्के. एकाच टेबलावर, त्याच फाशांवर, बाराएक पट महाग डाव. टेबलाच्या मध्यभागी रंगीत चौकोनांत छापलेले डाव बहुतेक असेच असतात.

उलट, सगळ्यात सरळ डाव टेबलावर छापलेलाच नसतो. पॉइंट ठरल्यावर पास लाइनच्या मागे जादा रक्कम ठेवता येते, तिला ऑड्स म्हणतात. पॉइंट ४ किंवा १० असेल तर एकाला दोन, ५ किंवा ९ असेल तर दोनाला तीन, ६ किंवा ८ असेल तर पाचाला सहा. हे भाव शक्यतांशी तंतोतंत जुळतात, कॅसिनोला एक पैसा सुटत नाही. म्हणून जाणकार ऑड्सची शिफारस करतात. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. मूळ दहा डॉलरवरचे चौदा सेंट जातातच, ऑड्स ते कमी करत नाही. फायदा तेव्हाच, जेव्हा पास लाइनवर टेबलाचा किमान आकडा ठेवून उरलेले पैसे ऑड्सवर जातात. लोक करतात काय, तर पास लाइनवरची रक्कम तशीच ठेवून वर ऑड्स चढवतात आणि आपण शहाणे झालो असं समजतात.

चौदा सेंट ऐकून कोणी म्हणेल, एवढंच? तासाभरात तीस डाव झाले असं धरू. दहा-दहा डॉलरच्या तीस डावांत कॅसिनोचा सरासरी वाटा चार डॉलरच्या आसपास, पण नशिबाचे हेलकावे पन्नास-पंचावन्न डॉलरचे. म्हणून एका संध्याकाळी पुष्कळ माणसं जिंकून उठतात, आणि खोटं बोलत नसतात. डाव वाढत गेले की हेलकावे वर्गमुळाच्या चालीने वाढतात आणि कॅसिनोचा वाटा सरळ चालीने. साधारण ५,००० डावांना दोघं बरोबरीला येतात. तुम्ही आयुष्यात तिथवर जात नाही, कॅसिनो मात्र कधीच पुढे निघून गेलेलं असतं.

नानांच्या मुलाची एक युक्ती होती: हरलो की दुप्पट. दहा गेले तर वीस, मग चाळीस, कधीतरी जिंकूच आणि दहा डॉलर वर राहतील. सलग सात हारी हव्यात तर शक्यता ११६ त एक. चांगलं वाटतं. पण सात हारींची बेरीज १,२७० डॉलर. ११५ वेळा दहा-दहा मिळाले तरी होतात १,१५०. आणि आठव्या डावाला १,२८० लावायचे म्हटले तर बहुधा टेबलावरची कमाल मर्यादा आडवी येते.

मला स्वतःला सगळ्यात चकित करणारं गणित दुसरंच आहे. समजा ५०० डॉलर घेऊन बसलात आणि ठरवलं की हजार करूनच उठायचं, नाहीतर सगळे घालवून. पन्नास-पन्नासचे डाव खेळलात तर यशाची शक्यता ४३ टक्के. दहा-दहाचे खेळलात, अगदी जपून, तर वीस टक्क्यांहूनही कमी. आणि पाचशे एकदाच लावले तर ४९.३ टक्के. जपून खेळणाराच जास्त हरतो! कारण दुप्पट व्हायला त्याला फार डाव खेळावे लागतात आणि प्रत्येक डावाला चाळणीतून थोडं सांडतं. लहान डाव वेळ काढण्यासाठी ठीक, पैसे करण्यासाठी नव्हेत.

मग शिस्त म्हणजे काय? 'शंभर जिंकले की उठायचं' ही शिस्त लोकांना फार आवडते, पण तिने शक्यता बदलत नाहीत. सरासरी नुकसान म्हणजे टेबलावर एकूण फिरलेली रक्कम गुणिले कॅसिनोचा टक्का, याशिवाय त्यात काही नाही. टक्का कमी करायचा तर डाव निवडायचा, रक्कम कमी करायची तर उठायची वेळ आधीच ठरवून ठेवायची. कठीण आहे ते या 'आधी' शब्दात. डॅनियल कानेमान आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं की तेवढ्याच रकमेच्या फायद्यापेक्षा तोटा माणसाला जास्त सलतो, आणि तो भरून काढायला एरवी नको म्हटलेली जोखीम माणूस उचलतो. नानांचे दुसरे आणि तिसरे वीस डॉलर असेच गेले.

यंदा आखाजीला सगळं सांगून झाल्यावर नानांनी नातवाच्या सापशिडीतले दोन फासे आणले. छत्तीस वेळा फेकू, सातचं दान सहा वेळा येतं का बघू. आम्ही ओट्यावर बसून फेकले. सातचं दान नऊ वेळा आलं. मी म्हटलं, सहा ही सरासरी झाली. छत्तीस फेकींत नऊ किंवा जास्त वेळा सात येणं सातआठ खेपांत एकदा होतंच. नाना माझ्याकडे बघून हसले. साठ डॉलर त्या दिवशी वेगासमध्ये थोडे आधी लावले, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मग ते पारावर परत गेले. तिथे एकजण दुसऱ्या इस्पिक गुलामाची वाट बघत पान धरून बसला होता. तो गुलाम तीन फेऱ्यांपूर्वीच पडून गेला होता, आणि नानांशिवाय ते कोणाच्याच ध्यानात नव्हतं.