कोबी, मोहरी आणि प्रोस्टेटचा कर्करोग

कोबीचा रस प्यायल्याने प्रोस्टेट या पुरुषांतील ग्रंथीचा कर्करोग बरा होतो, असा संदेश सध्या बेळगाव-खानापूर परिसरात मोबाइलवर फिरत आहे. बेळगाव तालुक्यातून गोव्यापर्यंत जाणाऱ्या या कोबीत अभ्यासण्याजोगी रसायने आहेत हे खरे. मात्र उपचार थांबवून रसावर विसंबणे जिवावर बेतू शकते.

कोबी, फ्लॉवर, मुळा आणि मोहरी यांच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगे असतात आणि त्यांचे विघटन करणारे मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) त्यांच्यापासून वेगळे साठवलेले असते. विळीने चिरताना किंवा अळीने कुरतडताना पेशी फुटल्या की दोन्ही एकत्र येतात आणि झणझणीत आयसोथायोसायनेट तयार होतात. पाण्यात फेसलेली मोहरी नाकात जाते आणि फोडणीत तडतडलेली जात नाही, कारण तापलेल्या तेलात विकर निकामी होते. म्हणूनच चिरलेला कोबी अर्धा-पाऊण तास ठेवून मग शिजवणे किंवा त्याची पचडी करणे अधिक फायद्याचे. शिजवलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड घालून खाल्ल्यास सल्फोराफेन हे आयसोथायोसायनेट शरीरात चारपटींहून अधिक मिळते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात आढळले. कोबीत ते ब्रोकोलीपेक्षा बरेच कमी बनते.

१९९२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तलालाय यांच्या गटाने ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळे केले. आपल्या पेशींत कीप-१ हे प्रथिन एनआरएफ-२ या दुसऱ्या प्रथिनाला अडवून धरते. सल्फोराफेन कीप-१ मधील गंधकाच्या अणूंशी जोडले गेले की एनआरएफ-२ सुटते, केंद्रकात जाते आणि विषारी द्रव्ये निष्प्रभ करणाऱ्या विकरांची जनुके चालू करते. प्रोस्टेटच्या बहुतेक कर्करोगांत अशाच एका विकराचे, जीएसटीपी-१ चे, जनुक मिथाइल गट चिकटल्याने बंद पडलेले असते, त्यामुळे संशोधकांचे लक्ष या मार्गाकडे लागणे साहजिक आहे.

तरीही परीक्षानळीतील यश म्हणजे औषध नव्हे. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाबद्दलही अशीच आशा होती. अमेरिकेच्या पुढाकाराने २००१ मध्ये सुरू झालेल्या, ३५,५३३ पुरुषांच्या चाचणीत त्यांचा फायदा दिसला नाही, उलट केवळ ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. सल्फोराफेनच्या महागड्या गोळ्या विकणाऱ्यांनी हा निकाल ग्राहकांना सांगायला हवा.

पन्नाशीनंतर लघवीची धार मंदावणे हे बहुधा ग्रंथीच्या साध्या वाढीचे लक्षण असते, पण सुरुवातीचा कर्करोग कोणतेही लक्षण न दाखवता वाढू शकतो. पीएसए ही रक्तचाचणी कधी करायची, हे मूत्ररोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.