अफूच्या पैजेपासून कलम 23 पर्यंत

कलकत्त्याला सरकारी अफूचा लिलाव व्हायचा आणि त्यात सरासरी काय भाव निघेल यावर मुंबईत पैजा लागायच्या. पैज लावणाऱ्या कुणालाच अफू नको असायची. पेटी कोणी बघायचं नाही, कोणी उचलायचं नाही. भाव कळला की ठरलेल्या आकड्याच्या वरखाली जो फरक निघेल तेवढी रक्कम एकाने दुसऱ्याला मोजायची, संपलं. अशाच एका पैजेचा तंटा, रामलाल ठाकुरसीदास विरुद्ध सुजानमल धोंडमल, मुंबईच्या कोर्टातून लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे हिंदुस्थानातल्या खटल्यांच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेला. 1848 साली त्याचा निकाल लागला.

1872 च्या करार कायद्याच्या कलम 23 मध्ये मोबदला आणि उद्देश कायदेशीर हवा असं म्हटलंय. ते कलम पाठ करणाऱ्यांनी हा निकाल आधी वाचावा असं मला मनापासून वाटतं. पैजेच्या कराराला कायद्याने पाठबळ द्यायचं नाही, पण म्हणून तो गुन्हेगारी करारांच्या पंगतीत बसवायचा का, या प्रश्नाचं मूळ तिथे आहे.

निकाल लॉर्ड कॅम्पबेल यांनी दिला. इंग्लंडमध्ये 1845 च्या कायद्याने पैजा शून्य, म्हणजे कायद्याच्या नजरेत नसल्यासारख्याच, ठरल्या होत्या, पण तो कायदा हिंदुस्थानला लागू नव्हता. पक्षकार दोघेही हिंदू, मात्र पैजेबाबत हिंदू कायद्यातला काही वेगळा नियम आहे असं कोणी मांडलंच नाही. मग उरला इंग्लंडचा जुना कॉमन लॉ, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेला कायदा, आणि त्यानुसार पैजेचे पैसे दावा लावून वसूल करता येत होते. कॅम्पबेल यांनी खेद व्यक्त करून तसंच ठरवलं.

हिंदू कायद्यातलं कोणी काही मांडलं नाही, याची मला अजून रुखरुख वाटते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात बापाचं कोणतं देणं मुलावर येत नाही ते सांगितलंय. त्यात 'आक्षिक' म्हणजे फाशांच्या जुगारातलं आणि 'सौरिक' म्हणजे दारूपायी झालेलं देणं आहे. धर्म आणि रूढ व्यवहार सोडून केलेली बोली, पुराव्याने पक्की असली तरी, खरी धरायची नाही असंही त्याच अध्यायात आहे. यावरून पैज शून्य ठरली असती असं मी म्हणत नाही. पण एखादं देणं कशापायी झालं हे बघायची पद्धत इथे नवीन नव्हती.

त्याच वर्षी सरकारने 1848 चा एकविसावा कायदा करून पैजेचे करार शून्य ठरवले. पण हा बंदोबस्त अर्धाच होता. पैजेचा दावा बुडाला, तरी पैज जुळवून देणाऱ्या दलालाच्या दलालीचं काय? हरणाऱ्याला कोणी रक्कम उसनी दिली, कोणी जामीन राहिलं, त्याचं काय? ते करार वेगळे होते, त्यामुळे त्यांचे दावे उभे राहू शकत. मुंबई इलाख्यात ही वाट 1865 च्या मुंबईच्या तिसऱ्या कायद्याने बंद केली. पैजेला मदत व्हावी म्हणून जाणूनबुजून केलेला करार, तिच्यासाठीचं तारण, हमी, दलाली, सगळं शून्य. साल बघा: अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा पैसा मुंबईत धो धो आला, शेअरबाजार फुगला आणि 1865 मध्येच फुटला, तेच हे वर्ष.

1 सप्टेंबर 1872 पासून करार कायदा लागू झाला. त्याने 1848 चा कायदा रद्द करून पैजेला स्वतंत्र जागा दिली, कलम 30. पैज शून्य, जिंकलेल्या पैशासाठी दावा नाही. घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला द्यायच्या 500 रुपये किंवा अधिकच्या बक्षिसाची वर्गणी तेवढी वगळली. कलम 23 मात्र वेगळं राहिलं. कायद्याने मनाई केलेलं, कायदा निष्फळ करणारं, फसवणुकीचं, दुसऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला इजा करणारं, कोर्टाला अनैतिक वा सार्वजनिक धोरणाविरुद्ध वाटणारं, यांतलं काहीही मोबदल्यात किंवा उद्देशात असलं की तो बेकायदेशीर आणि करार शून्य. त्याखालच्या उदाहरणांत एक आहे: 'अ' ने 'ब' ला सरकारी नोकरी मिळवून द्यायची, 'ब' ने त्याला 1000 रुपये द्यायचे. दीडशे वर्षं झाली, तरी 'लावून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती आजही शेत विकून पैसे ठेवले जातात. असा करार पाळायला लावा म्हणून कोर्टात जाता येत नाही, हे त्या घरांना आधी कोणी सांगत नाही.

पैज शून्य, पण ती कलम 23 प्रमाणे बेकायदेशीरसुद्धा आहे का? सर्वोच्च न्यायालयाने 1959 साली घेरुलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया या खटल्यात याचं उत्तर दिलं. दोघांनी भागीदारी करून हापूरच्या व्यापारी पेढ्यांशी सट्ट्याचे व्यवहार केले होते, नफा-तोटा निम्मा. तोटा आला, तो एकट्याने भरला आणि दुसऱ्याकडे अर्धा मागितला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी 1848 च्या अफूपासूनचा सगळा इतिहास चाळला आणि म्हटलं की पैज शून्य आहे, पण तिला कायद्याने मनाई नाही, म्हणून तिच्यासाठीची भागीदारी बेकायदेशीर नाही. सार्वजनिक धोरणाच्या नावाखाली कोर्टांनी सहसा बेकायदेशीर करारांचे नवे वर्ग काढू नयेत, असंही बजावलं. अर्धा तोटा द्यावा लागला. हाच व्यवहार मुंबई इलाख्यात झाला असता, तर 1865 चा कायदा आडवा आला असता.

म्हणजे सगळा भार 'मनाई नाही' या शब्दांवर होता. 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. अशा खेळाचा धंदा चालवायला आज दोघांनी भागीदारी केली, तर तोटा वाटून मागणाऱ्याला घेरुलालचा निकाल पुढे करता येणार नाही. त्याची गाठ थेट कलम 23 च्या पहिल्याच अटीशी पडेल.