पारा तीनवर होता, तरी टोमॅटो गेले

हिमदवाने मारलेलं टोमॅटोचं रोप एकदा पाहिलं की विसरता येत नाही. पहाटे पानांच्या कडांवर पिठीसाखर भुरभुरल्यासारखं काहीतरी चमकत असतं, आणि ते खरोखर सुंदर दिसतं. ऊन चढलं की ते वितळतं. मग खालचं पान दिसतं ते उकडलेल्या पालकासारखं गडद, ओलसर, लुळं. दुपारपर्यंत ते काळं पडतं. आणि आदल्या रात्रीचा अंदाज तर किमान ३ अंश सेल्सिअसचा होता. शून्याच्या वर पाणी गोठलं कसं?

तो आकडा त्या पानाचा नव्हताच. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून साधारण दीड-दोन मीटरवर, झडपांच्या पेटीत बसवलेला असतो. पान मात्र जमिनीलगत, उघड्यावर. रात्रभर जमीन आणि पानं आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत राहतात. ढग असले तर त्यातली बरीचशी परत मिळते. आभाळ स्वच्छ असलं तर गेली ती गेली. वारा असेल तर वरची उबदार हवा खाली मिसळत राहते. तो पडला, की गारठा जमिनीवर थरासारखा साचतो. अशा निरभ्र, निवांत रात्री पान पेटीतल्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी सहज थंड होतं. म्हणून अंदाजात ४ अंश, आकाश मोकळं, वारा नाही आणि हवा कोरडी असं सगळं जुळून आलं, तर माझ्या लेखी ती धोक्याची रात्र असते.

दव ‘पडतं’ असं आपण म्हणतो. ते वरून पडत नाही. थंड झालेल्या वस्तूवर हवेतली वाफ जमते. लंडनमधले डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी लोकरीचे पुंजके रात्री उघड्यावर ठेवून, त्यांचं वजन किती वाढलं ते मोजत याचा छडा लावला आणि १८१४ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातला एक प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी गवतात चार काड्या रोवल्या आणि त्यांवर एक तलम रुमाल ताणून बांधला. गवताला न टेकणाऱ्या त्या पातळ कापडाखालचं गवत शेजारच्या उघड्या गवतापेक्षा स्पष्टपणे उबदार राहिलं. माळी नाजूक रोपांवर पातळ चटया घालतात याचं आपल्याला पूर्वी हसू यायचं, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलं. चटईने थंडी कशी अडणार, असं त्यांना वाटायचं. चटई थंडी अडवत नव्हती, ती रोपाला आकाशापासून लपवत होती.

हे एकदा समजलं की कापड कसं घालायचं ते आपोआप कळतं. ऊब जमिनीतून वर येते, म्हणून कापडाच्या कडा चहूबाजूंनी जमिनीला टेकल्या पाहिजेत. खोडाभोवती आवळून बांधलं तर जमिनीची ऊब बाहेरच राहते. प्लास्टिक पानाला चिकटलं तर तिथेच पान करपतं. वाफा दुपारीच भिजवून ठेवावा, कारण ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते. पेंढ्याचं आच्छादन एरवी कितीही गुणाचं असलं तरी अशा रात्री ते जमिनीची ऊब खालीच कोंडून ठेवतं आणि वरचं रोप जास्त गारठतं.

थंड हवा जड असते, उतारावरून पाण्यासारखी वाहत खाली येते आणि सखल कोपऱ्यात साचते. उताराच्या तळाशी दाट कुंपण असेल तर ते बांधाचंच काम करतं. त्यामुळे एकाच बागेत दहा पावलांवर दोन हवामानं असू शकतात. किमान तापमान नोंदवणारा साधा तापमापक रोपाच्या उंचीवर, वाफ्यातच ठेवा. दोन-तीन हंगामांच्या नोंदींतून तुमच्या जागेचा स्वभाव जेवढा कळेल, तेवढा कुठल्याही नकाशातून कळणार नाही.

आता तारखांकडे. हा हिशेब वसंतातही हिमदव येणाऱ्या थंड प्रदेशांतला. वसंतातल्या शेवटच्या हिमदवाची ‘सरासरी तारीख’ म्हणजे त्यानंतर पुन्हा हिमदव येण्याची शक्यता सुमारे निम्मी. नाणं उडवण्याइतकीच! एवढ्या भरवशावर मी काकडी लावणार नाही. पण वाटाणा, पालक, मुळा, कोबी यांनी या तारखेची वाट पाहण्याचं कारण नाही. हळूहळू वाढणाऱ्या थंडीत ही रोपं पेशींमध्ये साखर साठवतात. बर्फ आधी पेशींच्या बाहेरच्या फटींत होतो, आतलं पाणी ओढून घेतो, आणि काटक पेशी तेवढी कोरड सोसते. टोमॅटो, मिरची, वांगं, घेवडा यांना ते जमत नाही. काकडी तर हिमदव नसतानाही १० अंशांखाली आठवडाभर राहिली की खुरटते.

म्हणून वाटाणा सरासरी तारखेच्या चार-सहा आठवडे आधीच पेरावा. टोमॅटोचं बी सहा ते आठ आठवडे आधी, पण घरात. रोपं शेवटच्या आठवड्यात रोज थोडा जास्त वेळ बाहेर ठेवून काटक करायची आणि तारीख उलटून एक-दोन आठवडे गेले की लावायची. घेवड्यासाठी तर मातीत बोट नाही, तापमापक खुपसावा: १५ अंशांखाली बी उगवण्याऐवजी कुजतं.

शरदातला हिशेब उलटा, आणि तो बहुतेकांचा चुकतो. समजा पहिलं हिमदव १५ ऑक्टोबरच्या सुमारास येतं आणि घेवडा पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे ५५ दिवसांत तयार होतो. ते ५५ दिवस, शेंगा तोडायला तीन आठवडे, आणि दिवस लहान होत असल्याने वाढ मंदावते म्हणून आणखी दोन आठवडे: एकूण ९०. म्हणजे पेरणी जुलैच्या मध्याला, थंड प्रदेशांतल्या ऐन उन्हाळ्यात, जेव्हा थंडीचा विचारही डोक्यात नसतो.

पहिल्या हिमदवानंतर पुष्कळदा दोन-तीन आठवडे हवा पुन्हा नरम होते. त्या एका रात्री टोमॅटोवर जुनी चादर घातली तर तेवढे आठवडे हाती लागतात. मोठी थंडी येणार असं दिसलं, तर ज्या हिरव्या फळांवर फिकट पांढुरकी झाक आली आहे ती तोडून घरात ठेवा. पिकायला त्यांना ऊन लागत नाही. गाजरं मात्र खुशाल जमिनीत राहू द्या. गारठ्याच्या दोन-चार रात्री अंगावर घेतलेलं गाजर आधीपेक्षा गोड लागतं.