अकॅडमी कुणाची, शिबिर कुणाचं? मसाई उजिरींच्या नावावरची गफलत

‘मसाई उजिरींनी आफ्रिकेत अकॅडमी काढली आणि तिथून पास्कल सियाकम मिळाला.’ टोरंटो रॅप्टर्स या कॅनडातल्या संघाने 2019 मध्ये एनबीएचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, विजेतेपद जिंकल्यापासून हे वाक्य थोड्याफार फरकाने मी सतत वाचतो आहे. तेव्हा उजिरी त्या संघाचे अध्यक्ष होते आणि सियाकम त्यातला खेळाडू. एका वाक्यात तीन चुका आहेत. ती अकॅडमी उजिरींची नाही. सियाकम त्या अकॅडमीत कधी नव्हता. आणि ‘आफ्रिकेत’ म्हणजे नेमकं कुठे? युरोपातल्या खेळाडूबद्दल लिहिताना देशच काय, गावही सांगतो आपण. मग इथे पन्नासहून जास्त देश एका शब्दात का गुंडाळायचे?

अकॅडमी बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. एनबीए अकॅडमी आफ्रिका ही खुद्द एनबीएची निवासी संस्था, 2017 मध्ये सेनेगलमध्ये सुरू झालेली आणि पुढे तिथल्याच समुद्रकाठच्या साली या गावी गेलेली. त्याच वर्षी दिल्लीजवळ एनबीएची भारतातली अकॅडमी उघडली, तिचंच हे भावंड. निवडक मुलगे तिथे राहतात, शिकतात, खेळतात.

उजिरींची संस्था वेगळी. तिचं नाव जायंट्स ऑफ आफ्रिका. नायजेरियातल्या झारियात वाढलेल्या उजिरींनी 2003 मध्ये ती सुरू केली, म्हणजे टोरंटोचे महाव्यवस्थापक होण्याच्या दहा वर्षं आधी. ती शिबिरं भरवते, मुलग्यांची आणि मुलींचीही. एक संस्था लीगची, दुसरी उजिरींची. एक निवासी, दुसरी फिरती. एवढं कुणीही लक्षात ठेवू शकतं.

खरी गफलत पुढे होते. दोन्हीकडे तीच उंच पोरं, तोच चेंडू, तीच रिंग दिसते आणि दोन्ही कामांना आपण एकच मोजपट्टी लावतो: एनबीएत किती गेले?

अकॅडमीला ती पट्टी लावणं योग्यच आहे, कारण तिचं काम निवडीचं आहे. थोडीच मुलं घ्यायची, काही वर्षं ठेवायची, खाणं, व्यायाम, शाळा, सराव सगळं हाताशी द्यायचं आणि वर तोडीचे सामने मिळवून द्यायचे. हे सामनेच सगळ्यात दुर्मिळ. 2021 मध्ये रवांडाच्या किगालीत बास्केटबॉल आफ्रिका लीग सुरू झाली आणि पुढच्या हंगामापासून अकॅडमीतली मुलं लीगच्या संघांतून मोठ्या खेळाडूंविरुद्ध उतरू लागली. दक्षिण सुदानचा, पण युगांडात वाढलेला खमान मालुआच असाच तीन हंगाम खेळला, मग अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात गेला आणि 2025 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, दहावा निवडला गेला. अकॅडमीचं यश असं दिसतं, आणि ते मोठं यश आहे.

शिबिराचं तसं नसतं. काही दिवसांत कुणाचा जंप शॉट सुधारत नाही. ज्याने मुलांना शिकवलंय त्याला हे सांगायला नको. जायंट्सच्या शिबिरात कोर्टावरच्या सरावाइतकंच वजन कोर्टाबाहेरच्या बोलण्याला असतं: वेळ पाळणं, खरं बोलणं, आणि मुलग्यांना तर बजावून सांगितलं जातं की बायकांचा मान राखा. शिबिर संपतं आणि मूल घरी जातं, आपल्याच शाळेत, आपल्याच प्रशिक्षकाकडे. म्हणून शिबिराच्या बाबतीत माझ्या मते विचारण्यासारखा प्रश्न एकच: परत गेल्यावर त्या मुलाला खेळायला जागा आहे का? जायंट्सने 2021 मध्ये आफ्रिकेच्या निरनिराळ्या देशांत 100 कोर्ट बांधायचं ठरवलं, ते मला त्यांच्या सगळ्या कामात महत्त्वाचं वाटतं. सपाट जमीन, आखलेल्या रेघा, न डगमगणारी रिंग. त्यावर रोज खेळणाऱ्यांपैकी एकही जण एनबीएत गेला नाही, तरी ते काम फुकट जात नाही. अकॅडमीबद्दल असं म्हणता येणार नाही.

‘गुणवत्तेची खाण’ या शब्दांवर माझा राग आहे तो यामुळेच. खाणीतून माल बाहेर काढतात, मागे खड्डा उरतो. मागे कोर्ट उरावं म्हणून धडपडणाऱ्या संस्थेला हा शब्द लावू नये.

मग सियाकम आला कुठून? कॅमेरूनच्या बाफियात तो पाद्री होण्याच्या शाळेत शिकत होता. 2011 मध्ये एनबीएत खेळणारा त्याचाच देशबांधव लुक म्बा आ मूते याच्या शिबिरात गेला आणि 2012 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बास्केटबॉल विदाउट बॉर्डर्सच्या शिबिरात. हे तिसरं नाव गोंधळ वाढवतं. तो उपक्रम एनबीए आणि फिबा या जागतिक बास्केटबॉल महासंघाचा, पण आफ्रिकेतल्या त्याच्या शिबिरांचे संचालक म्हणून उजिरींनीही काम केलं. सियाकमला टोरंटोने 2016 मध्ये सत्ताविसावा निवडला. अकॅडमी उघडली त्याच्या पुढच्या वर्षी.

2024 मध्ये गुंता आणखी वाढला. कॅमेरूनचाच उलरिश चोमचे हा एनबीए अकॅडमी आफ्रिकेतून थेट ड्राफ्ट झालेला पहिला खेळाडू. त्याची निवड सत्तावन्नावी आणि तो पोहोचला टोरंटोत, उजिरी अध्यक्ष असतानाच. ‘बघा, उजिरींच्या अकॅडमीतला मुलगा!’ असं लगेच लिहून आलं. अकॅडमी एनबीएची होती. उजिरींच्या हातात होता तो संघ.

जून 2025 मध्ये टोरंटो आणि उजिरी वेगळे झाले. जायंट्स रॅप्टर्सचाच एखादा विभाग असता, तर तेव्हा बंद पडला असता. त्याच उन्हाळ्यात, जुलैच्या अखेरीस, किगालीत जायंट्सचा महोत्सव पुन्हा भरला.