ड्रोनविरोधी यंत्रणा : वाढता बाजार आणि मराठवाडा

परवानगीवाचून किंवा घातपाताच्या हेतूने उडवलेले ड्रोन हेरणे, त्याचा माग काढणे, ते कोणाचे आहे हे ठरवणे आणि गरज पडल्यास ते निकामी करणे, या कामांसाठीच्या साधनांना मिळून ड्रोनविरोधी यंत्रणा म्हणतात. आरंभी या साधनांना केवळ सैन्यदले गिऱ्हाईक होती. आता विमानतळ, तेलशुद्धीकरण कारखाने, तुरुंग, वीज केंद्रे आणि मोठ्या यात्रांचा बंदोबस्त पाहणारे पोलीसही त्यांची मागणी करतात.

मराठवाड्यात हा विषय घरोघरी पोचला तो २०२४ च्या जून-जुलै महिन्यांत. जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. चोर आधी ड्रोनने घरे हेरतात, मग दरोडा घालतात, अशी बोलवा उठली. पोरे काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन रात्रभर गस्त घालू लागली, बायाबापड्यांनी अंगणात झोपणे सोडले. मराठा आरक्षण आंदोलनाचे केंद्र असलेल्या अंतरवाली सराटीतही ड्रोन दिसल्याचे सांगितले गेले आणि प्रश्न विधिमंडळात गेला. पोलीस अफवांवर विश्वास ठेवू नका असे सांगत होते, पण वर लुकलुकणारा दिवा नेमका कशाचा, हे खालून कोणाला सांगता येत नव्हते. अंधारात उंचीचा आणि अंतराचा अंदाज चुकतो. दूरचे विमान, ठळक ग्रह आणि जवळचे ड्रोन डोळ्यांना सारखेच भासू शकतात. ओळख पटवण्याचे साधन हाताशी नसले की भीती कशी पसरते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

ओळख पटवणे हाच या तंत्रज्ञानातला सर्वांत अवघड भाग आहे. लहान ड्रोनचा सांगाडा प्लॅस्टिक किंवा कार्बन तंतूंचा असतो. रडारला त्याचा प्रतिध्वनी एखाद्या पक्ष्याइतकाच मिळतो. हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर रोहित आणि इतर स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरतात. तिथे साधे रडार लावले तर ते दिवसभर खोटा इशारा देत राहील. म्हणून चांगले रडार पात्यांच्या फिरण्याने लहरींत पडणारा बारीक फरक शोधते. पक्ष्याच्या पंखांची उघडझाप वेगळी आणि मोटरवर गरगरणारे पाते वेगळे, हे त्यातून कळते. दुसरे साधन रेडिओ लहरी ऐकणारे. बाजारात मिळणारी बहुतेक ड्रोन २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपास चालकाशी बोलतात. तो संदेश पकडला की ड्रोनची जात कळते, कधीकधी चालक कुठे उभा आहे हेही कळते. मात्र शहरात वायफायही याच पट्ट्यांत चालते, त्यामुळे गोंगाट फार. शिवाय मार्ग आधीच भरून सोडलेले ड्रोन काहीच बोलत नाही. युक्रेनच्या युद्धात तर काचतंतूच्या बारीक दोरीने जोडलेली ड्रोन वापरली जातात आणि त्यांच्या बाबतीत रेडिओचे कान निरुपयोगी ठरतात. या दोहोंच्या जोडीला उष्णता टिपणारे कॅमेरे आणि आवाज ऐकणारे मायक्रोफोन असतात. एकट्या साधनावर भिस्त ठेवणारी यंत्रणा फसते.

निकामी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात मोडतोड होत नाही: जॅमरने संदेश तोडायचा, खोटे उपग्रह-संकेत (जीपीएस) देऊन ड्रोनला भलतीकडे न्यायचे किंवा त्याचा ताबाच घ्यायचा. दुसऱ्यात जाळे, बंदूक, लेझर, सूक्ष्म रॉकेट किंवा ड्रोनला धडकणारे दुसरे ड्रोन वापरायचे. यांतले काय निवडायचे ते जागेवर अवलंबून असते. नवरात्रात तुळजापुरात किंवा दसऱ्याला नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिब परिसरात माणसांची दाटी असते. तिथे वरून काहीही पाडणे म्हणजे भाविकांच्या डोक्यावर पाडणे. अशा ठिकाणी ताबा घेऊन सुरक्षित उतरवणे एवढाच शहाणा मार्ग उरतो.

बाजार वाढला तो एकामागून एक आलेल्या घटनांनी. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळाजवळ ड्रोन दिसल्याच्या खबरीने सुमारे १,००० उड्डाणे विस्कळीत झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये सौदी अरेबियातील अबकैकच्या तेल केंद्रावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी हल्ला झाला. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली. भारतातला तो अशा प्रकारचा पहिला हल्ला. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर, ८ आणि ९ मेच्या मधल्या रात्री, पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचे भारतीय अधिकाऱ्यांनी सांगितले. त्यांना रोखताना आकाश क्षेपणास्त्रांबरोबर एल-७० सारख्या जुन्या तोफाही उपयोगी पडल्या.

जुनी तोफ का, याचे उत्तर पैशांत आहे. काही हजार डॉलरच्या ड्रोनवर लाखो डॉलरचे क्षेपणास्त्र झाडले तर नेम लागूनही नुकसान आपलेच. म्हणून सगळ्या देशांची धडपड स्वस्तात पाडण्याची आहे. भारतात डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेली आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स बनवत असलेली यंत्रणा सुमारे ४ किमीवरून ड्रोन हेरते आणि १ किमीच्या आत लेझरने जाळते. तिच्यासाठी नौदलाने ऑगस्ट २०२१ मध्ये करार केला. त्याच वर्षी हैदराबादच्या झेन टेक्नॉलॉजीजला हवाई दलाकडून सुमारे १५५ कोटी रुपयांची मागणी मिळाली. शेजारच्या विदर्भात, नागपूरच्या सोलर समूहाने ‘भार्गवास्त्र’ ही सूक्ष्म रॉकेटांची यंत्रणा केली आणि मे २०२५ मध्ये ओडिशातील गोपाळपूर येथे तिची चाचणी झाली.

मराठवाड्याला या बाजारात जागा आहे, आणि ती जागा सुट्या भागांतून सुरू होते असे प्रस्तुत लेखकाला वाटते. १९८५ पासून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला बजाजचा कारखाना उभा आहे. त्याच्याभोवती वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या वसाहतींत मशिनिंग, डाय-कास्टिंग, पत्राकाम आणि वायरिंग करणाऱ्या छोट्या कारखान्यांची दाट वीण तयार झाली आहे. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक हे औद्योगिक शहर वसते आहे. रडारची पेटी, कॅमेऱ्याचे फिरते बैठक-यंत्र, मोटरचे आवरण, खांब, केबल ही कामे या हातांना नवी नाहीत. ड्रोनला धडकून पाडणारी छोटी ड्रोन तर शेकड्यांनी लागतात. वर्षाकाठी लाखो दुचाकींचे भाग ठरल्या दिवशी देणाऱ्या माणसांना एवढी शिस्त शिकवावी लागत नाही. अडचण आहे ती वेगळीच. संरक्षणाची मागणी थोड्या नगांची, तपासणी कडक, चाचण्या लांबणाऱ्या आणि पैसे उशिरा. महिन्याच्या बिलावर पगार करणाऱ्या कारखानदाराला दोन वर्षे थांबणे परवडत नाही, आणि या दुखण्याकडे सरकारने मनापासून लक्ष द्यायला हवे.

याच प्रदेशात ड्रोन शेतकऱ्याचा सोबतीही आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतीसाठीच्या ड्रोन व यंत्रमानवांवर संशोधन चालते. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशभरातल्या १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले आहे. कपाशी, सोयाबीन, तुरीवर फवारणारे १० लिटर टाकीचे यंत्र आभाळात दिसले की ते संशयाचे ठरू नये. ड्रोन नियम २०२१ नुसार ड्रोनला ओळख क्रमांक लागतो, हिरव्या क्षेत्रात (म्हणजे उड्डाणाची वेगळी परवानगी लागत नाही अशा भागात) १२० मीटरपर्यंत उडवता येते आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून १२ किमीपर्यंत बंधने आहेत. त्यामुळे चिकलठाणा आणि नांदेड विमानतळांच्या आसपासच्या शिवारांना हे नियम थेट लागू होतात. उद्या कोणत्या शेतात फवारणी आहे हे आदल्या दिवशी पोलीस पाटलाला कळवले आणि गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले, तर लाखोंच्या रडारचे निम्मे काम फुकटात होईल.

गावाने किंवा खासगी संस्थेने वर्गणी काढून जॅमर विकत घेणे हा मात्र उपाय नव्हे. भारतात केंद्रीय मंत्रिमंडळ सचिवालयाच्या परवानगीवाचून जॅमर बाळगता वा वापरता येत नाही. कारणही रास्त आहे: उपग्रह-संकेत अडवणारे यंत्र आसपासचे मोबाइल, रुग्णवाहिकेचा नकाशा आणि उतरणारे विमान यांनाही बाधू शकते. गोफणीने किंवा दगडाने ड्रोन फोडणेही टाळावे. खाली पडलेल्या ड्रोनजवळ जाऊ नये, कारण त्यात स्फोटक असू शकते. लांबून फोटो काढावा, जागा राखावी आणि ११२ वर कळवावे. ड्रोन शाबूत हाती आले तर त्याच्या मेमरी कार्डमधून ते कुठून उडाले आणि कोणत्या वाटेने आले, हे तपासनीसांना बहुधा काढता येते.