बायकोच्या डोळ्यात एसएफ सिक्स

आमच्या सबस्टेशनला ३३ केव्हीचे जे ब्रेकर आहेत त्यात एसएफ सिक्स भरलेला असतो, पूर्ण नाव सल्फर हेक्झाफ्लोराइड. ब्रेकर ट्रिप होताना आतमधी जी ठिणगी पेटते ती हा गॅस विझवतो. रंग नाही, वास नाही, हवेपेक्षा पाचपट जड आणि कशाशी सहसा रिअ‍ॅक्शन करत नाही. त्याचं प्रेशर बघून रजिस्टरला लिहिणं हे माझं ड्युटीचं काम. त्यामुळं मे महिन्यात हैदराबादला बायकोच्या डिस्चार्ज कार्डावर उजव्या डोळ्यापुढं तेच नाव वाचलं तेव्हा मला वाटलं कार्डाची अदलाबदल झाली, पण डॉक्टर म्हणले बरोबर आहे, गॅस तोच, फक्त डोळ्यासाठी शुद्ध केलेला.

तिचा डोळ्याचा पडदा सरकला होता. आपल्या डोळ्यात मागच्या अंगाला रेटिनाचा पातळ थर असतो, तोच हा पडदा, आणि त्याच्या पुढं साधारण ४ मिली जेली, जी जवळपास सगळी पाणीच. वय वाढलं की ही जेली पातळ होते, आकसते आणि रेटिनापासून सुटते. बहुतेकांचं हे गुपचूप होऊन जातं, पण कुठं जेली घट्ट चिकटलेली असली तर सुटताना रेटिनाला ओढून फाडते, मग पातळ झालेलं पाणी त्या फाटीतून मागं शिरतं आणि पडदा भिंतीवरून सुटत जातो. मायनसचा मोठा नंबर असला की हा धोका जास्त, कारण डोळा लांबट असतो आणि कडेचा रेटिना ताणून पातळ झालेला असतो. हिला शाळेपासून जाड चष्मा.

आधी आठवडाभर ती म्हणायली होती, अहो, अंधारात कोपऱ्यात वीज चमकल्यावानी दिसायलंय. बाहेर वीज नाही की काही नाही. रेटिनाला दुखणं कळतच नाही, त्याला ओढलं काय न दाबलं काय, मेंदूला तो एकच निरोप पाठवतो, उजेड. नंतर काळे ठिपके, आणि मग एका बाजूनं काळी सावली सरकायला लागली. दुखत नाही म्हणून लोक थांबतात आणि तिथंच घात होतो, कारण रेटिनाच्या उजेड टिपणाऱ्या पेशींना ऑक्सिजन मागच्या भिंतीकडून मिळतो, भिंत सुटली की उपासमार सुरू. मधला भाग, ज्याच्यानं आपण वाचतो, तो अजून चिकटून असेल तर डॉक्टर एक-दोन दिवससुद्धा थांबत नाहीत.

शंभर वर्षांमागं या आजारावर नुसतं अंथरुणावर पडून राहायला सांगायचे आणि बहुतेकांचा डोळा जायचाच. स्वित्झर्लंडमधल्या ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात दाखवलं की खरं मूळ ती फाट आहे, ती बंद केली तर पडदा बसतो. पुढं १९७० च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट मॅकेमर यांनी डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बारीक अवजार घालून जेलीच काढून घ्यायची पद्धत आणली. हिचंही तेच केलं. भोकं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. जेली काढली, पडदा जागेवर बसवला, फाटीभोवती लेझर मारलं आणि आत गॅस भरला.

आता घरच्यांना जे कळत नाही ते हे, की गॅस म्हणजे औषध नाही. लेझरच्या डागाचा व्रण धरून पक्का व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात आणि तोवर फाटीतून पाणी मागं जाऊ नये म्हणून आतून धरून ठेवायला हा बुडबुडा. फाट एकदा झाकली की मागं उरलेलं पाणी भिंतीतल्या पेशीच ओढून घेतात. गॅस हवेपेक्षा जड असला तरी पाण्यापुढं हलकाच, गवंड्याच्या लेव्हल पट्टीतल्या बुडबुड्यासारखा तो कायम वरच जाणार. म्हणून फाट जिथं असेल ती जागा वर येईल अशी मान ठेवायची. हिची फाट उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या अंगाला, म्हणून सुरुवातीला पालथं आणि मग डाव्या कुशीवर, येतानाचा रेल्वेचा प्रवासही लोअर बर्थवर तसाच. उताणं मात्र झोपायचं नाही, गॅस पुढं येऊन डोळ्याच्या भिंगाला टेकतो, मोतीबिंदू लवकर धरतो आणि प्रेशरही वाढू शकतं.

सांगायला सोपं, पण नांदेडचा मे महिना, पालथं झोपायचं, त्यात लाईट गेली की कूलर बंद आणि कपाळावरचा घाम डोळ्यात जाऊ नये म्हणून मी फडकं घेऊन बसलेलो, आणि वरून शेजारी मलाच विचारणार की साहेब लाईट कधी येणार. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, वैनी रागावल्या का, तोंड फिरवून काहून झोपल्या. एका मावशीनं तर मध आणलं होतं डोळ्यात घालायला. ते मी चहात घातलं. ड्रॉप टाकायच्या आधी साबणानं हात धुवायचे आणि दोन ड्रॉपमधी पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो.

एक गंमत तिनंच सांगितली. बुडबुडा डोळ्यात वर असतो पण तिला दिसायचा खाली, कारण रेटिनावर चित्रच उलटं पडतं. गॅस जसा रक्तात विरघळत गेला तशी वरून साफ दिसायला लागलं, आणि मधी एक हलणारी रेघ, ती रोज थोडी खाली. एसएफ सिक्स दोन आठवड्यांच्या आसपास टिकतो, सी थ्री एफ एट नावाचा दुसरा गॅस सहा ते आठ आठवडे, कारण तो त्याच्यापेक्षा सावकाश विरघळतो.

या मुदतीतच माझी बहीण म्हणाली, डोळा वाचला, तिरुपतीला जाऊन येऊ. तिरुपती गावातून तिरुमला साधारण ७०० मीटर वर आहे. एवढं चढलं की बाहेरच्या हवेचा दाब पाऱ्याच्या ५० मिलिमीटरहून जास्त उतरतो, आणि डोळ्याचं आतलं प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा १० ते २१ मिलिमीटरच जास्त असतं. बाहेर दाब उतरला की गॅस फुगणार, डोळा काही फुग्यासारखा ताणत नाही, मग आत प्रेशर वाढून रेटिनाची रक्तवाहिनीच दबू शकते. विमानाचंही तेच, केबिनमधी हवा साधारण २००० मीटर उंचीवर असते तेवढी पातळ ठेवतात. हैदराबादहून नांदेडला येताना उलट उतार लागतो म्हणून तिथं अडचण नव्हती. बहिणीला मी आकडे सांगत बसलो नाही, डॉक्टरनं नाही म्हणलंय एवढंच सांगितलं.

डोळ्यात गॅस आहे हे कळावं म्हणून हाताला एक पट्टा बांधतात, तो गॅस संपेपर्यंत काढायचा नाही. मधीच दुसरं कसलं ऑपरेशन करायची वेळ आली आणि भूल देताना नायट्रस ऑक्साइड दिला तर तो रक्तातून भराभरा बुडबुड्यात शिरून त्याला फुगवतो, याच्यानं लोकांची नजर गेलेली आहे.

पन्नाशीच्या पुढं या ऑपरेशननंतर एक-दोन वर्षांत मोतीबिंदू बहुतेक येतोच, त्याची तयारी आम्ही ठेवलीय. ज्याचा एक पडदा सरकला त्याच्या दुसऱ्या डोळ्यालाही धोका असतो, म्हणून बाहुली मोठी करून तोही तपासला, एक जागा पातळ निघाली, तिथं लेझर मारलं. आता रोज सकाळी एकेक डोळा झाकून ती भिंतीवरचं कॅलेंडर बघते, सगळे चौकोन दिसतात का, कडा कुठं काळी तर नाही ना, आणि तेच मलाही करायला लावते.